पाहुण्याचा चारा

चेअरमन निघायला म्हणून उठले आणि त्यांच्या करड्या सफारीच्या मागच्या बाजूला बशीएवढा पांढरा डाग दिसला. त्यांनी हात मागे नेऊन चाचपलं आणि बोटं डोळ्यांसमोर धरली.

"आयला, चुन्याची डबी सांडली वाटतं," म्हणत त्यांनी खिशातून डबी काढली. डबीचं झाकण घट्ट बसलेलं होतं.

मग आम्ही सगळ्यांनी एकदम गादीकडे पाहिलं. नव्या चादरीवर एक ओलसर गोल उमटला होता आणि त्याच्या मधोमध पांढरा साका. लोडाच्या आडोशाला माझा ससा, बत्तासा, कान पाडून बसला होता. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिलाय, त्याला मी अधिक काही सांगायला नको.

"ससा हाय," सासूबाई म्हणाल्या. "सुनेबरोबर आलाय. पाव्हणा हाय आमच्याकडं."

चेअरमन म्हणजे गावच्या दूध संस्थेचे. ते आले होते मोठ्या आनंदाची बातमी घेऊन. तालुक्यात सगळ्यांत चांगलं दूध आमच्या गोठ्यातलं ठरलं होतं आणि शनिवारी सासूबाईंचा मांडव घालून सत्कार होणार होता. "कौसाबाई, गाईंना घालता तरी काय?" असं त्यांनी कौतुकाने विचारलं होतं, आणि सासूबाईंनी पदर सारखा करत सांगितलं होतं, "लसूणघास. पयल्या फुलावरचा. खायला घालताना हात आखडता घेत न्हाई म्या." इतका छान चाललेला समारंभ माझ्या सशाने असा ओला केला.

चेअरमन पाठ भिंतीकडे ठेवून, हसत हसत, खेकड्यासारखे दाराबाहेर गेले.

माझ्या सासरकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मी पुण्याची, मला ते म्हणायला शिकायला महिना गेला. बाकी शिकण्यासारखं घरात काही उरलंच नव्हतं, कारण आत्याबाई मला काहीच करू देत नसत. गोठ्यात आठ गाई, रान विहिरीखालचं, माणसांची ये-जा, आणि मी दिवाणावर. झाडू घेतला की "ऱ्हाऊ दे गं." भाकरी थापायला बसले की "तू ऊठ, हात भाजंल." जेवताना पहिली भाकरी मला, तिच्यावर तुपाची धार सगळ्यांत जाड. मैत्रिणींना सांगितलं की त्या म्हणायच्या, नशीब काढलंस. मला मात्र ते लॉजवर राहिल्यासारखं वाटायचं. कुणी रागावत नाही, कुणी काम सांगत नाही, आणि कधीतरी खोली रिकामी करायची असते हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यात त्या बत्ताशाला पाहुणा म्हणायच्या. एकदाही नावाने हाक मारली नाही. "पाव्हणा उठला का?" "पाव्हण्याला ऊन लागंल." मला तो शब्द टोचायचा. पाहुणा म्हणजे आज ना उद्या जाणारा.

बत्तासा नेमाचा प्राणी होता हे मी छातीठोकपणे सांगते. कोपऱ्यात त्याचा प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात कागदाचे तुकडे आणि वर कोरडं गवत. पिल्लू असताना मी त्याला शिकवलं होतं आणि तेव्हापासून त्याने दुसरीकडे थेंब सांडला नव्हता. लग्न ठरताना मी संदेशला एवढीच एक अट घातली होती, की ससा बरोबर येईल. संदेश ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्रीचं काम करायचा, त्यामुळे समोरच्याला हो म्हणणं त्याच्या अंगातच होतं.

पहिले काही महिने सुरळीत गेले. मध्ये एकदा बत्ताशाची लघवी लाल झाली तेव्हा मामा घाबरून गोठ्यापर्यंत धावत गेले होते. "रगत! रगत!" आत्याबाईंनी मीठमिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. मी पोट धरून हसले, कारण आदल्या दिवशी त्याने बीट खाल्लं होतं आणि सशाची लघवी खाण्यावर रंग बदलते, हे मला माहीत होतं. ती दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी झाली. मी घरात सशाची तज्ज्ञ ठरले.

दिवाळी झाली आणि बत्ताशाने ट्रे सोडला. आधी माझ्या पलंगावर, मग आत्याबाईंच्या घडी घातलेल्या गोधडीवर, आणि शेवटी चेअरमनच्या गादीवर. जिथे जाईल तिथे पांढरा डाग. मामा म्हणाले, "वयात आला आसंल, हद्द आखतोय." मी सांगितलं की त्याचं ऑपरेशन कधीच झालंय. मामांनी मिशीवर हात फिरवला आणि विषय सोडून दिला.

चेअरमन गेल्यावर आत्याबाई चादर भिजत घालत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "रविवारी त्याला तुझ्या म्हायेरी पोचता कर."

"का?"

"त्याला हितं करमत न्हाई. नवी गाय आणली आन् तिला दावं रुचलं न्हाई की ती आसंच करती. खाती, पर जागा धरत न्हाई. ज्याला करमत न्हाई त्याला बांधून ठिवू न्हाई माणसानं."

हे सशाबद्दल चाललंय असं मला क्षणभरही वाटलं नाही. माझा पारा चढला.

"आत्याबाई, तो जिथं, तिथं मी. तो गेला तर मीही जाईन."

त्या हातातली चादर पिळत राहिल्या. "तुझी मर्जी," एवढंच म्हणाल्या.

हे मी नुसतं रागाने बोलले नव्हते. पुण्याच्या माझ्या जुन्या शाळेत गणिताची जागा अजून रिकामी होती आणि तिथल्या मुख्याध्यापिका मला सोमवारपर्यंत विचार करून सांग म्हणाल्या होत्या. इथे मी तालुक्याच्या शाळेत तासिकेवर शिकवायला जात होते, सकाळच्या एसटीने. संदेशला सांगितलं तेव्हा त्याने मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "आईशी मी बोलतो."

"काय बोलणार?"

"ते अजून ठरलं नाही."

तिथेच त्याचं बोलणं संपलं. मी बॅग भरायला घेतली.

शनिवारी सकाळी घरात सणासारखी गडबड होती. आत्याबाईंनी मोरपंखी रंगाचं नवं नऊवारी नेसलं होतं, नथ घातली होती. मामांनी टोपीला इस्त्री केली होती. माझी बॅग दाराशी उभी होती आणि तिला वळसा घालून सगळे ये-जा करत होते. सत्कार झाला की दुपारच्या गाडीने निघायचं, असं माझं ठरलं होतं. बत्ताशाला घेण्यासाठी मी दुरडीत जुना टॉवेल घातला आणि त्याला शोधायला गेले.

तो ट्रेत होता. इतक्या दिवसांनी ट्रेत बसलेला पाहून मला बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. त्याने पाठीची कमान केली होती, शेपूट वर, आणि सगळं अंग आवळून जोर करत होता. काहीच येत नव्हतं. दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येत होता. मग तो ट्रेतून उडी मारून बाहेर आला, दोन पावलं गेला आणि जमिनीवर पांढरट थेंब पडले. मागचे पाय ओले, केस चिकटलेले. मी हाक मारली तर त्याने कानही हलवला नाही.

"आत्याबाई!" मी ओरडले. दुसरं कुठलंच नाव तोंडात आलं नाही.

त्या नथ सावरत आल्या, बघितलं आणि खाली बसल्या. नव्या लुगड्याची पर्वा न करता त्यांनी एक हात त्याच्या छातीखाली घातला, दुसरा मागच्या पायांखाली, आणि त्याला उचलून पोटाशी धरलं.

इथे मला थोडं थांबायला हवं. बत्तासा अनोळखी हाताला लाथा मारतो. संदेशच्या मनगटावर त्याच्या नखांची खूण आज इतक्या वर्षांनी आहे. आत्याबाईंनी त्याला उचललेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आणि तो मात्र त्यांच्या दंडात तोंड खुपसून गप्प पडून राहिला. मला हे खटकलं, पण तेव्हा विचार करायला सवड नव्हती.

त्यांनी पोट दाबून पाहिलं. "अडलाय ह्यो. खोड न्हाई ही. दुखतंय त्याला."

"नाशिकला सशांच्या डॉक्टर आहेत," मी म्हणाले. "आपल्या दवाखान्यात गुरांचेच आहेत."

"संदेश, जीप काढ."

"आई, सत्कार?" संदेशने विचारलं.

"नारळच देणार हायेत ना? नारळ कुढं पळून जातोय. तुझ्या बापाला घ्यायला लाव."

मामा टोपी हातात धरून बघत राहिले. आत्याबाई बत्ताशासकट मागच्या सीटवर चढल्या. मी शेजारी बसले. संदेशने काय समजून घेतलं कोण जाणे, त्याने माझी बॅगही जीपमध्ये टाकली.

 नाशिकपर्यंत खड्डा आला की आत्याबाई बत्ताशावरचा हात घट्ट करत आणि पुढे बसलेल्या पोराला म्हणत, "दमानं."

डॉक्टर नसरीन बागवान ठेंगण्या, चटपटीत बाई होत्या. त्यांनी बत्ताशाला तपासलं, एक्स-रे काढला आणि तो उजेडाच्या पेटीवर लावला. सशाच्या नाजूक हाडांच्या मध्ये, खाली, पांढराशुभ्र गोळा दिसत होता. लिंबाएवढा.

"हे मूत्राशय," डॉक्टर म्हणाल्या. "आतून गाळाने भरलंय. लघवी पुढे सरकायला जागा नाही. ट्रेत बसलं की दुखायचं, म्हणून त्याला वाटलं ट्रेच वाईट. मग तो मऊ जागा शोधत फिरला. आज आणलंत ते बरं केलंत. उद्यावर गेलं असतं तर मी काही सांगू शकले नसते."

 त्याला घर आवडत नाही, असं आम्ही सगळे एकमेकांना ऐकवत होतो आणि तो बिचारा दुखण्याला जागा बदलून बघत होता.

"खायला काय देता?"

"कोरडं गवत," मी लगेच म्हणाले. "थोडी पालेभाजी. पाणी. बस."

"आणखी काही?"

"नाही. मी फार काटेकोर आहे."

डॉक्टरांनी एक्स-रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतका गाळ नुसत्या कोरड्या गवतावर सहसा होत नाही."

आत्याबाई एक्स-रेच्या अगदी जवळ जाऊन उभ्या होत्या. नथीचे मोती काचेवर टेकत होते.

"ह्यो पांढरा गोळा कशाचा म्हणायचा?"

"कॅल्शियमचा, आजी. चुनाच म्हणा ना."

"आन् लसूणघासात आसतो का त्यो?"

"भरपूर. का?"

आत्याबाई वळल्या. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"म्या घालते त्याला," त्या म्हणाल्या. "तू एसटीला गेली का रोज सकाळी. पयल्या फुलावरचा, कवळा शेंडा निवडून. गाईंच्या आधी त्याला. वर चिमूटभर गाईंची ताकतीची पूड. मांडीवर बसून खातो."

 सकाळचं ते दंडात तोंड खुपसणं मला आता कळलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणली आसतीस नको. तू त्याला वाळलेलं गवात घालायचीस. म्या म्हणलं, पुण्याहून आलेलं जनावर, आमच्या दारात वाळलेलं खातंय. पाव्हण्याला कुणी आसं घालतं का गं? कुणी बघितलं तर म्हणंल, आठ गाईंना हिरवं आन् सुनेच्या सशाला काड्या." त्यांचा आवाज चिरकला. "खायला तर आवडीनं खायाचा. तरी जागा धरंना. मला वाटलं, हाताचं खातोय पर मन लागंना. तुझ्यावानीच."

"माझ्यासारखं?"

"तू बी तुपाची भाकरी खातीस आन् तोंड उतरलेलं. म्हणलं, काय कमी पडतंय आपलं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला उचकी लागली. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही दिलंत ते उत्तमच. पण गाईसाठी. गाईचं तुम्ही दूध काढता, त्यातून कॅल्शियम बाहेर पडतं. हा दूध देत नाही. जास्तीचं सगळं लघवीवाटेच जायला बघतं आणि साठून बसतं. आता गुंगी देऊन आपण ते धुवून काढू."

बत्ताशाला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. संदेश चहा आणायला गेला. नव्या लुगड्यावर सशाच्या ओल्या पायांचे पांढरे ठसे वाळले होते आणि आत्याबाई ते नखाने खरवडत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी जीपकडे पाहिलं.

"बॅग हाय ना तुझी? नाशकावरनं पुण्याला गाड्या लई. तुला जायचं आसंल तर जा. म्या अडवणार न्हाई."

"आणि बत्तासा?"

"त्यो न्हाई जायचा," आत्याबाई म्हणाल्या. आवाज एकदम सत्कारमूर्तीचा झाला. "म्या बिघडवलंय, म्या नीट करणार. त्यो बरा झाल्याबिगर घरातनं हलणार न्हाई. तुला भेटायला यायचं तर येत जा."

माझाच ससा, आणि मला त्याच्या भेटीची परवानगी!  बाई एवढी हट्टी आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं, कारण पाहुण्यांसमोर कुणी हट्ट करत नाही.

"आत्याबाई, मी काय बोलले होते आठवतंय ना? तो जिथं, तिथं मी."

"मग?"

"मग काय. शब्द म्हणजे शब्द."

 संदेश चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी पहिला कप मला न देता स्वतः घेतला आणि बशीत ओतून फुंकर मारायला लागल्या.

बत्तासा संध्याकाळी शुद्धीवर आला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर उभं करून शाळेतल्या पोरींसारखं बजावलं. लसूणघास बंद. पूड बंद. पाणी भरपूर, हिंडणं भरपूर, ट्रेची एक कड कापून खाली करायची म्हणजे उडी मारावी लागणार नाही. कोरडं गवत मुख्य, आणि हिरवं हवंच असेल तर साधं गवत.

"हराळी चालंल का?" आत्याबाईंनी विचारलं.

"छान चालेल."

"हराळी!" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "जिंदगी गेली ती उपटण्यात."

तो आठवडा बत्ताशाला सांभाळण्यात गेला. आत्याबाई त्याला औषधाची पिचकारी पाजत, मी त्याचे मागचे पाय कोमट पाण्याने पुसत असे. सोमवारी मी पुण्याला फोन करून जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली. कड कापलेल्या ट्रेकडे तो पहिले काही दिवस संशयाने बघत होता. मग एका सकाळी मी एसटीला निघताना आत्याबाई आतून ओरडल्या, "आगं बघ, बघ! बसला, बसला!" मी धावत गेले. ट्रेत गढूळसर, पातळ, अगदी नेहमीची लघवी होती. तिच्याकडे आम्ही दोघी सोनं सापडल्यासारख्या बघत होतो. माझी एसटी चुकली.

पुढच्या आठवड्यात चेअरमन नारळ आणि शाल घेऊन स्वतः आले, कारण मामांनी मंडपात शाल घ्यायला नकार दिला होता. "दूध तिचं, शाल मी कशी पांघरू," म्हणाले होते. गादीवर बसण्याआधी चेअरमननी तळहाताने ती चांगली चाचपून पाहिली. बाहेर बांधावर मामा खुरपं घेऊन बसलेले दिसत होते.

"आहो!" आत्याबाई दारातूनच गरजल्या. "त्या हराळीला हात लावाल तर बघा! तेवढा बांध माझा हाय!"

मामांनी खुरपं खाली ठेवलं. आयुष्यभर हराळीशी भांडलेल्या माणसाला तिची राखण करायला सांगणं, हा अन्याय आहे असं त्यांचं आजही मत आहे.

"काय कौसाबाई," चेअरमन हसत म्हणाले, "तुमच्या पाहुण्याची तब्येत कशी आहे?"

बत्तासा आत्याबाईंच्या पायाशी लोळत पडला होता.

"कोण पाव्हणा?" आत्याबाई म्हणाल्या. "पाव्हण्याला लसूणघास घालत्यात. ह्यो बत्तासा. ह्यो घरचं खातो, हराळी."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी नेहमीसारखी दिवाणावर बसले होते, पाय वर घेऊन.

"आन् तू काय बसलीस गं, ऋजुते? त्याची दुपारची हराळी कोण कापणार? ऊठ, इळा घे."

मी इतक्या घाईने उठले की माझ्या हातातली चहाची बशी थेट चेअरमनच्या मांडीवर सांडली.